उजव्या बाजूनं विचारा

“सही आज पाहिजे,” राजेश्वरी म्हणाली. “उद्या दुपारनंतर शाळेचं ऑफिस अर्ज घेणार नाही.”

प्रभू स्टुलावर उभा राहून नव्या पडद्याच्या कड्या दांडीत ओवत होता. त्यानं खाली पाहिलंच नाही. “पाहुणे जाऊ देत की. संध्याकाळी बघू.”

“संध्याकाळी तुम्ही म्हणाल, अण्णाला विचारतो.”

“मग विचारायला नको का? मोठा भाऊ आहे तो.”

राजेश्वरीनं अर्ज परत पिशवीत ठेवला. अक्कलकोट रोडवरच्या त्या घरात आज चमत्कारिक शांतता होती. घराला लागूनच कारखाना, त्यात टॉवेलचे माग. एरवी त्यांच्या खडखडाटात इथं माणसं ओरडूनच बोलायची. पण पुतणी अंकिताला बघायला वैरागचे पाहुणे येणार म्हणून तिच्या बापानं, प्रभूच्या थोरल्या भावानं, सोमशेखरनं माग बंद ठेवायला लावले होते. जुळे सोलापूरच्या फ्लॅटवरून प्रभू आणि राजेश्वरी सकाळीच आले होते, अकरा वर्षांच्या धनलक्ष्मीला घेऊन. घरात ती धनू. आजीचं नाव ठेवलं होतं तिला.

आत स्वयंपाकघरात मोठी जाऊ दाक्षायणी शेंगापोळ्या लाटत होती. राजेश्वरीनं पदर खोचला आणि तवा हातात घेतला.

“केली का सही?” दाक्षायणीनं विचारलं.

“नाही.”

“मग आज राहू दे, राजी. माझं ऐक. आधीची दोन स्थळं हातातनं गेली अंकीची. हे तरी नीट पार पडू दे. ही माणसं चांगली आहेत. मुलगा शिकलेला, घरचं खताचं दुकान, जमीन. अंकीला फोटो आवडला, ती स्वतःहून म्हणाली, बोलवा. असं कधी म्हणाली होती का ती?”

“अक्का, मला काय अंकीचं वाईट करायचंय?”

“तसं नाही ग. पण एकदा का अर्जात लिहिलंस, पोरीला डाव्या कानानं ऐकू येत नाही, की ते चार लोकांत जाणार. त्या शाळेत वैरागच्या पोरी नसतील का? मग हे लोक विचारणार, घराण्यात आणखी कुणाला आहे, पुढं मुलंबाळं कशी होतील...”

“गालगुंड झाले होते तिला. त्यात घराण्याचा काय संबंध?”

“मला कळतंय. त्यांना कोण सांगणार?”

राजेश्वरीनं पोळी उलटली. ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. धनूचा तो ताप, सुजलेले गाल, आणि बरं झाल्यावर डाव्या बाजूनं मारलेल्या हाकेला तिनं ओ न देणं, हे सगळं तिला कालच्यासारखं आठवत होतं. डॉक्टर म्हणाले होते, हा कान आता यायचा नाही, पण उजवा ठणठणीत आहे, काही अडणार नाही. अडलं नव्हतंच. धनू वर्गात पहिल्या बाकावर डाव्या टोकाला बसायची आणि पहिली यायची. घरानं मात्र ठरवून टाकलं होतं, की ही गोष्ट दाराबाहेर जाऊ द्यायची नाही. आणि ते ठरताना राजेश्वरीही गप्प बसली होती.

तेजोनिधी निवासी विद्यालय म्हणजे तुळजापूर रस्त्यावरची मुलींची शाळा, सहावी ते बारावी. लेखी परीक्षेत धनूचं नाव यादीच्या अगदी वरती होतं. मुलाखतीनंतरच्या यादीत ते कुठंच नव्हतं. पोरगी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी राजेश्वरी रजा टाकून शाळेत गेली आणि ऑफिसातून हलायला तयार होईना, तेव्हा त्यांनी तिला परीक्षकांचे शेरे वाचून दाखवले आणि सांगितलं, फेरमुलाखत हवी तर आईवडील दोघांच्या सहीनं कारणासह अर्ज द्या.

“अक्का, शाळेनं काय लिहिलंय ते मी तुम्हाला अजून सांगितलं नाही.”

“काय लिहिलंय?”

पण तेवढ्यात बाहेरून सोमशेखरचा आवाज आला. “राजेश्वरी, जरा बाहेर ये.”

हॉलमध्ये सोमशेखर सोफ्यावर बसला होता. प्रभू स्टुलावरून उतरून भिंतीला टेकला होता. खिडकीजवळच्या खुर्चीत सासरे चनमल्लप्पा, घरातल्या सगळ्यांचे अज्जा, हातातला पेपर मिटून बसले होते.

“प्रभूनं सांगितलं मला,” सोमशेखर म्हणाला. “हे बघ, माझा विरोध नाही. धनू माझी पण पोरगी आहे. त्या संस्थेतला एक ट्रस्टी आपल्या ओळखीचा आहे. आपलाच माल घेतो. मी उद्या त्याच्या कानावर घालतो. अर्ज नको, डॉक्टरचा कागद नको. गुपचूप नाव लागून जाईल.”

“आणि मग तिथं गेल्यावर?”

“गेल्यावर काय?”

“सात वर्षं राहायचंय तिला तिथं. हॉस्टेलमध्ये, वर्गात, मैदानावर. तिथंही लपवायचं?”

“इतकी वर्षं लपलंच की. काय बिघडलं?”

“अण्णा, बिघडलं म्हणूनच तर आपण बोलतोय.” राजेश्वरीचा आवाज चढला नाही, पण ती आता जागची हलणार नाही हे सगळ्यांना कळलं. “मुलाखतीला तिघं जण होते. समोरच्या दोघांनी तिला भरपूर मार्क दिलेत. तिसरे सर तिच्या डाव्या बाजूला बसले होते, मागं कूलर सुरू. त्यांनी शेरा काय मारलाय माहितीये? ‘प्रश्न विचारला की मुलगी नुसती हसते.’ नुसती हसते, अण्णा. कारण आपण तिला तेच शिकवलंय. डावीकडून कुणी काही बोललं आणि कळलं नाही, तर गोड हसायचं.”

स्वयंपाकघराच्या दारात दाक्षायणी लाटणं हातात घेऊन उभी होती.

“बरं, झालं ते झालं,” सोमशेखर म्हणाला. “एक दिवस. फक्त आजचा एक दिवस मागतोय मी तुझ्याकडं. प्रभू, सांग तिला.”

प्रभूनं बायकोकडं पाहिलं, मग भावाकडं. “अण्णा म्हणतो ते... म्हणजे, दोन्ही बाजू...”

“तुमची बाजू कुठली?” राजेश्वरीनं विचारलं.

प्रभू हातातली उरलेली कडी बोटात फिरवत राहिला.

“मोठ्यानं बोला की रं,” खिडकीतून अज्जा म्हणाले. “मला अर्धंच ऐकू येतंय. ही म्हणत्या काय नेमकं?”

सोमशेखरनं वाकून त्यांच्या कानाशी सगळं सांगितलं. अज्जांनी ऐकून घेतलं. पेपरची घडी उलटसुलट केली.

“सोमू, मी किती वर्सं मागावर उभा हुतो?”

“त्याचं आता काय, अप्पा?”

“त्या खडखडाटात माजं दोनी कान गेलं. मी बहिरा हाय हे अख्ख्या एमआयडीसीला ठाव हाय. कोन लाजलं का? उलट तूच लोकास्नी सांगतुस, अप्पानं कानाचं पानी केलं म्हनून कारखाना उबा राह्यला. माज्या कानाचं कौतिक, आन् पोरीच्या कानाची लाज व्हय रं?”

“अप्पा, पोरीच्या जातीचं वेगळं असतं.”

“सुम्निरु,” अज्जा म्हणाले. गप्प बस. घरात ते फक्त रागावले की कन्नडमध्ये बोलायचे. सोमशेखरचा चेहरा मात्र काही निवळला नाही.

आतल्या खोलीच्या उंबऱ्यात अंकिताच्या बांगड्या भरत बसलेली धनू उजवा कान हॉलकडं करून सगळं ऐकत होती. तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

*

पाहुणे उन्हं कलताना आले. मुलगा शिवयोगी, त्याचे आईवडील आणि एक मामा. सोमशेखरनं गेटपर्यंत जाऊन हात जोडले. आत येताना त्यानं एकदा राजेश्वरीकडं पाहिलं. ती काठापदराची साडी नेसून ट्रे घेऊन उभी होती, हसतमुख. त्याला जरा हायसं वाटलं. बाई हट्टी आहे, पण घराण्याची अब्रू तिला कळते, असं त्याच्या मनात आलं.

खरं तर त्याला धनूचा राग नव्हता. तिला गालगुंड झाले तेव्हा रात्री मोटारसायकलवर तिला दवाखान्यात नेणारा तोच होता. पण अंकिताचं पहिलं स्थळ रंगावरून मोडलं, दुसरं उंचीवरून. दोन्ही वेळा पोरीनं काही बोलून दाखवलं नाही, आणि तेच त्याच्या जिवाला लागलं होतं. तिसऱ्यांदा तिला तसं बघायची त्याची तयारी नव्हती. त्यासाठी जगाला काय सांगायचं आणि काय नाही, हे ठरवायचा अधिकार बापाला असतो असं तो मानत होता.

सगळं छान चाललं होतं. शिवयोगी कमी बोलणारा पण मनमोकळा निघाला. अंकितानं एमएस्सी कशात केलं, पुढं नोकरी करायची आहे का, हे त्यानं तिलाच विचारलं, तिच्या बापाला नाही. अंकितानं सांगितलं, करायची आहे. तो म्हणाला, बार्शीला कॉलेजात जागा निघतात. मामांनी पावसापाण्याचा विषय काढला. दाक्षायणीनं हुग्गीच्या, म्हणजे गव्हाच्या खिरीच्या, वाट्या आणल्या आणि मुलाची आई म्हणाली, “आमच्याकडं इतकी चांगली हुग्गी कुनाला जमत न्हाय बघा.”

दाक्षायणीला वाटलं, झालं. जमलं. तिनं पदरानं कपाळ टिपलं आणि तिचं लक्ष धनूकडं गेलं. पोरगी पाण्याचे ग्लास गोळा करत मुलाच्या आईच्या शेजारी आली होती. बाई तिच्या डाव्या बाजूला होती.

“बाळ, कितवीला हायस?” बाईनं विचारलं.

धनू हसली.

गोड, गालाला खळी पाडणारं हसू. दाक्षायणीनं ते शेकडो वेळा पाहिलं होतं. आज पहिल्यांदाच तिला ते बघवेना. हे हसू मीच दिलं हिला. धनू पाच वर्षांची होती, लग्नात बायका गालाला हात लावून काहीबाही विचारायच्या आणि पोर गोंधळून रडायची. तेव्हा मांडीवर घेऊन सांगितलं होतं, ‘कळलं नाही की हसायचं, राणी. हसणाऱ्या पोरीला कोणी काही म्हणत नाही.’

“शाळेत जातीस न्हवं?” बाईनं परत विचारलं.

“लाजते जरा,” सोमशेखर घाईनं म्हणाला. “धनू, जा, ग्लास आत ठेव.”

धनूनं त्याच्याकडं पाहिलं. मग तिनं ग्लास टीपॉयवर परत ठेवले, बाईच्या पुढून वळसा घालून ती दुसऱ्या बाजूला गेली आणि स्पष्ट म्हणाली, “मला त्या कानानं ऐकू येत नाही. आता विचारा, काय म्हणत होता?”



बाईच्या हातातली वाटी तशीच राहिली. “काय म्हनलीस?”

“डाव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणी गालगुंड झाले होते. या कानानं सगळं येतं. मी पाचवीला आहे.”

“व्हय का,” बाई म्हणाली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. मग दाक्षायणीकडं वळून तिनं अगदी हलक्या आवाजात विचारलं, “जन्मापासनं न्हाय न्हवं?”

दाक्षायणीनं जावेकडं पाहिलं. उत्तर राजेश्वरीनं दिलं. “नाही. जन्मली तेव्हा दोन्ही कान चांगले होते. तिच्या वडिलांकडं, माझ्याकडं, कुणाकडंच असं नाही. हा आजारानं गेलेला कान आहे. तुम्हाला शंका असेल तर डॉक्टरांशी बोला, मी नंबर देते.”

“शंका न्हाय हो. आपलं विचारलं.” बाईनं वाटी खाली ठेवली. वाईट बाई नव्हती ती. तिनं धनूच्या डोक्यावरून हात फिरवला. पण त्यानंतर बोलणं पुन्हा पावसापाण्यावर गेलं आणि तिथून हललं नाही. निघताना त्यांनी ‘कळवतो’ म्हटलं. शिवयोगीनं दारातून वळून एकदा अंकिताकडं पाहिलं.

*

गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तशी सोमशेखरनं पायातली चप्पल भिंतीवर भिरकावली.

“समाधान झालं? झालं समाधान?” तो राजेश्वरीवर ओरडला. “तूच शिकवलंस तिला!”

“मी काही शिकवलं नाही.”

“मी स्वतःच बोलले,” धनू म्हणाली. ती रडत नव्हती. “काका, त्या बाई मला वेडी समजत होत्या. शाळेतले सर पण तसंच समजले.”

“तू आत जा!”

“ती आत जाणार नाही,” प्रभू म्हणाला.

प्रभूला स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. भावापुढं तो कधी असं बोलला नव्हता. पाटबंधारे खात्यातली त्याची नोकरी अण्णामुळं, फ्लॅट अण्णाच्या सल्ल्यानं, धनूचा कान लपवायचा तोही अण्णा म्हणाला म्हणून. आयुष्यभर त्याला अण्णाच्या सावलीत बरं वाटत आलं होतं. पण मघाशी मुलगी त्या बाईच्या पुढून वळसा घालून गेली, तेव्हा तो हॉलमध्ये अवघडून बसला होता. तिची पाठ त्याच्याकडं होती. केवढीशी पाठ. आणि तिनं जे केलं ते त्याच्यानं सकाळपासून झालं नव्हतं.

“पेन दे,” तो बायकोला म्हणाला.

राजेश्वरीनं पिशवीतून अर्ज काढला. त्यानं तो टीपॉयवर हुग्गीच्या वाट्यांमध्ये जागा करून ठेवला आणि भावाच्या देखत सही केली.

“प्रभू, अंकीचं जर मोडलं ना...” सोमशेखर म्हणाला.

“मोडलं तर मी तुझ्यापुढं उभा राहीन, अण्णा. तुला जे बोलायचंय ते मला बोल. धनूला नाही, हिला नाही.”

सोमशेखर कारखान्यात निघून गेला. थोड्या वेळानं त्यानं माग सुरू करायला लावले असावेत. भिंती पुन्हा थरथरू लागल्या. अज्जांनी धनूला खुणेनं जवळ बोलावलं. “बा इल्ली,” म्हणाले, आणि तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं. खडखडाटात दोघांनाही एकमेकांचं काही ऐकू येत नव्हतं. तरी बराच वेळ ती दोघं तशीच बसून राहिली.

*

वैरागहून निरोप आला तो पत्रिकेचा. पत्रिका जुळत नाही. आधी ती दोनदा दाखवून झाली होती आणि जुळलेली होती. कुणी वाद घातला नाही.

राजेश्वरी दुकानातून सुटली ती तशीच अक्कलकोट रोडला गेली. सोमशेखर तिला बघून आत गेला. अंकिता गच्चीवर वाळलेले कपडे काढत होती. राजेश्वरी तिच्याबरोबर कपडे काढू लागली. दोघींनी अर्धी दोरी रिकामी केली.

“काकू, मला तो आवडला होता,” शेवटी अंकिता म्हणाली.

“माहितीये.”

“खोटं कशाला बोलू. दोन दिवस मी मनातल्या मनात बार्शीला राहून पण आले.” ती हसायला गेली, पण ते जमलं नाही. “धनूवर माझा राग नाही. ती बोलली ते बरोबरच बोलली. तुझ्यावर थोडा आहे.”

“असू दे. असायलाच पाहिजे.”

“तू मला आधी विचारलं असतंस, की अंकी, आपण त्यांना खरं सांगूया का, तर मी हो म्हणाले असते. मला कुणी विचारलंच नाही. बाबांनी नाही, तू पण नाही. दोघं आपापल्या पोरीसाठी भांडत होता.”

राजेश्वरीनं हातातली चादर घडी करायची सोडून दिली. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. “चुकलं माझं,” ती म्हणाली.

अंकितानं चादरीची दोन टोकं धरली. दुसरी दोन राजेश्वरीच्या हातात दिली. “सुनावणी कधी आहे?”

“परवा. बोलावलंय त्यांनी.”

“मी येणार नाही. मला अजून नाही जमणार. पण जिंकून या.”

*

सुनावणीच्या दिवशी सकाळी रिक्षा गेटाशी आली तेव्हा त्यात बसायला चौघं होती. राजेश्वरी, प्रभू, धनू, आणि अनपेक्षितपणे दाक्षायणी. ती सिटीबस पकडून सकाळीच जुळे सोलापूरला येऊन थांबली होती, डोक्यावर पदर, हातात छत्री. अण्णांना सांगून आलात का, असं कुणी तिला विचारलं नाही.

मुख्याध्यापिका सावळगी मॅडमच्या खोलीत तिघं बसले होते. मॅडम, संस्थेचे एक वयस्कर सदस्य, आणि एक तरुण सर. हेच ते तिसरे परीक्षक. धनूनं त्यांना ओळखलं आणि आईचा हात घट्ट धरला.

मॅडमनी अर्ज पुढं ओढला. “प्रवेशाच्या फॉर्ममध्ये एक रकाना होता. ऐकण्याची, दिसण्याची काही अडचण आहे का. तुम्ही ‘नाही’ लिहिलंय.”

“हो. मीच लिहिलं,” राजेश्वरी म्हणाली. “ते चूक होतं.”

“मग आमचं काय चुकलं?”

“तुमचं चुकलं असं मी अर्जात कुठंच म्हटलेलं नाही, मॅडम. तुम्हाला माहीतच नव्हतं. आता माहिती देतेय. कानाची तपासणी करून रिपोर्ट जोडलाय.”

वयस्कर सदस्यांनी चष्मा सारखा केला. “एक कान चांगला असेल तर नियमानं ते अपंगत्वात बसत नाही. राखीव जागेचा प्रश्नच येत नाही.”

“राखीव जागा मागतच नाही मी. मार्क वाढवूनही मागत नाही. मुलाखत परत घ्या एवढंच म्हणतेय. प्रश्न तिच्या उजव्या बाजूनं विचारा. त्यात ती कमी पडली तर मी हात जोडून तिला घरी घेऊन जाईन.”

“बाई, तुम्ही एक गोष्ट सोडून बोलताय,” ते म्हणाले. “आज तुम्हाला परत संधी दिली की उद्या बाकीचे पालक दारात. कुणाला ताप होता, कुणी घाबरलं होतं. यादी लागल्यावर ती उघडायची नसते. एवढ्यासाठी तर नियम असतात.”

“नियम सगळ्यांना सारखा असावा, हे मला मान्य आहे. पण सारखा कशात? समोरच्या मुलीला प्रश्न ऐकू येणं, इथपर्यंत तरी सारखा पाहिजे ना? तिचं उत्तर चुकलं असतं तर मी आलेच नसते. तिला प्रश्नच मिळाला नाही.”

तरुण सर अस्वस्थ झाले होते. “मी दोनदा विचारलं होतं तिला,” ते म्हणाले. “दोन्ही वेळा ती हसली. मला वाटलं, मुलगी उद्धट तरी आहे नाहीतर...” ते थांबले.

“ते हसणं मी शिकवलंय तिला.”

सगळ्यांनी मागं पाहिलं. दाक्षायणी दाराजवळच्या खुर्चीतून उठली होती. चारचौघांत, त्यातून ऑफिसात, ती कधी बोलत नसे. तिनं छत्री दोन्ही हातांनी धरली होती.

“मी हिची मोठी आई. सातवी शिकलेली आहे, मला तुमचे नियम कळत नाहीत. पण तुम्ही जे कागदावर लिहिलंय ना, नुसती हसते म्हणून, ते हिचं नाही. ते माझं आहे. लोकांनी हिला नावं ठेवू नयेत म्हणून मी सांगितलं, कळलं नाही की हसत जा. पोरगी शहाणी. सांगितलेलं ऐकते. मार्क कापायचे तर माझे कापा. मला काही परीक्षा द्यायची नाही.”

ती खाली बसली. मॅडमनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. वयस्कर सदस्य खिडकीबाहेर बघत राहिले.

“सर, तुमचं काय मत?” शेवटी मॅडमनी तरुण सरांना विचारलं.

“माझा शेरा मी मागं घेतो,” ते म्हणाले. “मला तिला परत विचारायला आवडेल. आत्ता, इथंच.”

“आत्ता?” प्रभू दचकला. “तिची तयारी...”

“मी तयार आहे,” धनू म्हणाली.

पालकांना बाहेर बसायला सांगितलं. दार लागण्याआधी राजेश्वरीला दिसलं, की तरुण सर उठले, आपली खुर्ची उचलून त्यांनी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला नेली, आणि धनू त्यांच्याकडं बघून हसली नाही. ताठ बसली.

बाहेर व्हरांड्यात ऊन पाय भाजेपर्यंत आत आलं होतं. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. मध्येच एकदा सरांचा मोठा आवाज आला आणि लगेच धनूचा, त्याहून मोठा. दाक्षायणी जपासारखं काहीतरी पुटपुटत होती. प्रभूनं उगाच नळावर जाऊन दोघींसाठी बाटली भरून आणली.

धनू बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता.

“काय विचारलं?” राजेश्वरी तिच्या उजव्या बाजूला गेली.

“सर म्हणाले, सोलापुरात पाणी कमी तर ऊस का लावतात. मी म्हटलं, पैसे लगेच मिळतात म्हणून. ते म्हणाले, मग बंद करावा का? मी म्हटलं, आधी शेतकऱ्याला दुसरं काहीतरी द्या, मग बंद करा. ते म्हणाले, चूक. मी म्हटलं, कसं काय चूक ते सांगा. मग आम्ही भांडलो.”

“भांडलीस? परीक्षकांशी?” प्रभूनं कपाळाला हात लावला.

“त्यांनी सुरुवात केली,” धनू म्हणाली.

*

फोन त्या आठवड्याच्या अखेरीस आला. मॅडम स्वतः बोलल्या. मुलाखतीचे गुण नव्यानं धरले, धनलक्ष्मीचं नाव यादीत घेतलं आहे, जून महिन्यात वसतिगृहात हजर व्हायचं. त्यांनी आणखी एक सांगितलं, की पुढच्या वर्षापासून मुलाखतीच्या आधी प्रत्येक मुलीला विचारलं जाणार आहे, तुला नीट ऐकू येतंय का, दिसतंय का. राजेश्वरीनं फोन ठेवला आणि काउंटरवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला खोकल्याच्या औषधाऐवजी ताप उतरवायच्या गोळ्या काढून दिल्या. त्यानं परत हाक मारली तेव्हा ती भानावर आली.

घरी धनू कोचावर उभी राहून ओरडली. प्रभूनं अज्जांना फोन लावला, आणि दोन वाक्यं चार वेळा ओरडून सांगितली. चौथ्या वेळी ती पलीकडं पोहोचली. अंकितानं मेसेज पाठवला, त्यात फक्त तीन उद्गारचिन्हं होती. अक्कलकोट रोडवरून सोमशेखरचा मात्र शब्द आला नाही. राजेश्वरीनं वाटही पाहिली नाही. जे झालं होतं ते असं लगेच पुसलं जाणार नाही, हे तिला ठाऊक होतं. गच्चीवर अर्धवट हसलेली अंकिता तिच्या डोळ्यांसमोरून गेली नव्हती. तरी पाहुणे आले तो रविवार पुन्हा समोर आला असता तर तिनं तेच केलं असतं, फक्त आधी अंकीला विचारलं असतं.

शाळेत जायच्या आदल्या दिवशी ट्रंक उघडी पडली होती आणि राजेश्वरी धनूच्या कपड्यांवर नाव घालत होती. बेल वाजली. दारात सोमशेखर उभा होता. हातात कारखान्यातले नवे टॉवेल, कागदात बांधलेले. त्यानं ते तिच्या हातात दिले नाहीत, चपलांच्या स्टँडवर ठेवले.

“हॉस्टेलला लागतील,” तो भिंतीकडं बघत म्हणाला.

“या ना आत.”

“नको.” त्यानं दारातूनच आतल्या ट्रंकेकडं पाहिलं. “सकाळी मी गाडी घेऊन येतो. एवढी ट्रंक रिक्षात बसायची नाही. अप्पा पण येतो म्हणतात, आणि अंकी.” मग त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडं पाहिलं. “पण तुझ्याशी बोलायला मला अजून जमत नाही, राजेश्वरी. खरं ते सांगतो.”

“नका बोलू, अण्णा,” राजेश्वरी म्हणाली. “सात वाजता या. उशीर करू नका.”